दे हार किल्ला आणि त्यासाठी उठवलेलं गाव

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पर्यटन पुरवणीत नेदरलँड्समधल्या दे हार किल्ल्यावरचा लेख वाचला. छायाचित्रं छान होती. पण हा किल्ला ‘मध्ययुगापासून जसाच्या तसा उभा’ असल्याचं त्यात म्हटलं आहे, ते बरोबर नाही. मी युट्रेख्तमध्ये राहतो, गावाकडून पाहुणे आले की त्यांना दाखवायला तिथेच नेतो, आणि खंदकाच्या पुलावर उभं राहून जवळजवळ प्रत्येक जण हेच समजतो.

दे हारचा पहिला उल्लेख १३९१ सालचा. पुढे पंधराव्या शतकात तो व्हान झाउलेन घराण्याकडे आला, १४८२ मध्ये जाळला गेला, पुन्हा बांधला गेला, आणि १६७२-७३ च्या फ्रेंच स्वारीत त्याची पुन्हा वाताहत झाली. १८९० मध्ये बॅरन एतिएन व्हान झाउलेन यांच्या वाट्याला आले ते निव्वळ अवशेष. त्यांची पत्नी हेलेन रॉथशिल्ड घराण्यातली, त्यामुळे पैशाची चिंता नव्हती. त्यांनी पिएर काउपर्सना बोलावलं. ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम आणि मध्यवर्ती रेल्वे स्थानक ज्यांनी उभारलं तेच हे वास्तुविशारद. १८९२ ते १९१२ अशी वीस वर्षं काम चाललं. आज दिसणारे मनोरे, दिवाणखाने, कोरीवकाम हे बहुतांशी त्या वीस वर्षांतलं. या ‘मध्ययुगीन’ किल्ल्यात वाफेवर चालणारी मध्यवर्ती उष्णता-व्यवस्था होती, स्वतःच्या जनित्रावर विजेचे दिवे लागत होते आणि स्वयंपाकघरात सुमारे सहा मीटर लांबीची शेगडी होती!

काउपर्सवर लबाडीचा आरोप मात्र करता येणार नाही. जुन्या भिंतींवर नवं बांधकाम चढवताना त्यांनी वेगळ्या प्रकारची वीट वापरली, म्हणजे जुनं कुठे संपलं ते पाहणाऱ्याला कळावं. त्यांनी सांगून ठेवलं आहे, आपणच वाचत नाही.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. लेखात हारझाउलेन्स हे नाव फक्त पत्त्यापुरतं आलं आहे. हे छोटंसं खेडं मुळात किल्ल्याला लागूनच होतं. बॅरनला किल्ल्याभोवती बाग हवी होती, म्हणून अख्खं गाव उठवून साधारण एक-दीड किलोमीटर पूर्वेला नव्याने वसवलं गेलं. जुन्या जागी राहिलं ते फक्त चर्च. नवं गावही बहुतांशी काउपर्स आणि त्यांचा मुलगा योसेफ यांनीच रेखाटलं, तेही जुन्या काळचं वाटेल अशा धाटणीत, मधोमध हिरवळीचा चौक ठेवून. घरांच्या खिडक्यांच्या झडपा आजही लाल-पांढऱ्या आहेत, कारण जमीनदाराच्या कुलचिन्हाचे रंग ते. पर्यटकांना ते गोंडस वाटतं. मला दर वेळी जरा खटकतं.

रिकाम्या झालेल्या जागेवर हेंड्रिक कोपाइन यांनी उद्यान आखलं. रोपं वाढेपर्यंत थांबायची बॅरनची तयारी नव्हती, म्हणून सुमारे चाळीस वर्षं वयाची सात हजार झाडं आणवली. ती युट्रेख्त शहरातून नेता येईनात, तेव्हा वाटेतली घरं विकत घेऊन पाडली, असं सांगतात. एका गावावर भागलं नाही म्हणायचं! दुसऱ्या महायुद्धात यातल्या बऱ्याच झाडांचं सरपण झालं आणि उद्यानाच्या जमिनीत भाजीपाला पिकवला गेला.

२००० पासून किल्ला एका प्रतिष्ठानच्या ताब्यात आहे. भोवतालची बरीचशी जमीन निसर्गरक्षणाचं काम करणाऱ्या संस्थेने घेतली. घराण्याने वर्षातून एक महिना तिथे राहण्याचा हक्क राखून ठेवला आहे. जुन्या गावातल्या लोकांसाठी अशी काही तरतूद झाल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

लेख पुरवणीच्या संकेतस्थळावर राहणारच आहे, तेव्हा ‘जसाच्या तसा उभा’ हे शब्द काढून तिथे १८९२-१९१२ ही सालं घालावीत, ही विनंती. आणि सहलीचा कार्यक्रम सुचवताना किल्ल्याबरोबर हारझाउलेन्सच्या चौकापर्यंतची पायपीटही त्यात धरावी. वाटेत चढ नाही, ज्येष्ठांनाही सहज जमते.

आपला,
एक वाचक, युट्रेख्त