तुम्हीच दिलेला सप्लाय ‘चुकीचा’ ठरवून वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: रोबो कंट्रोलरचे कार्ड निकामी होणे आणि वॉरंटीचा दावा फेटाळणे

महोदय,

तुमच्या सर्व्हिस विभागाचा मेल मिळाला. ‘कार्डाला चुकीचा सप्लाय दिल्याने यूएसबीचा भाग जळाला, सबब वॉरंटी लागू नाही’, एवढेच त्यात आहे. सप्लाय चुकीचा होता हे मलाही मान्य आहे. पण तो सप्लाय, म्हणजे कार्डाला वीज पुरवणारा डबा, माझा नव्हता. तो कंट्रोलरच्याच खोक्यातून आला, बिलावर त्याची वेगळी ओळ आहे आणि त्याच्या पाकिटावर ‘टेबल टेस्टिंगसाठी’ असे तुम्हीच छापले आहे.

अंबड एमआयडीसीतल्या एका गाळ्यात मी लहान ऑटोमेशनची कामे करतो. पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाउससाठी द्राक्षाचे क्रेट वाहणारी ट्रॉली बनवतो आहे, तिच्या मोटारी चालवायला हे कार्ड घेतले.

तुमचा सप्लाय म्हणजे जाळीदार पत्र्याचा 12 व्होल्ट, 5 अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या एसी विजेचा डीसी करणारा डबा), एलईडी पट्ट्यांना लावतात तसा. त्याच्या टर्मिनलवर फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तीन जागा आहेत. तुम्ही जोडून दिलेली वायर मात्र दोनच तारांची, टोकाला दोन पिनांचा प्लग. अर्थचा स्क्रू रिकामाच. आउटपुट मोजले तर 12.1 व्होल्ट. कार्डाची मर्यादा 7 ते 16 व्होल्ट, म्हणजे त्या बाजूने काही खोट नाही. कार्ड सुरू झाले, हिरवा दिवा लागला. प्रोग्रॅम टाकायला लॅपटॉपची यूएसबी केबल लावताना बारीक ठिणगी उडाली आणि तेव्हापासून लॅपटॉपला कार्ड दिसतच नाही.

‘व्होल्टेज जास्त गेले असेल’ हे तुमच्या इंजिनिअरचे फोनवरचे निदान. तसे असते तर आधी कार्डावरचा रेग्युलेटर, म्हणजे आलेले व्होल्टेज 5 वर आणणारा भाग, गेला असता. तो आजही बिनतक्रार 5 व्होल्ट देतो आहे. मग मी आउटपुटच्या मायनसपासून भिंतीतल्या सॉकेटच्या अर्थपर्यंत एसी मोजले, तर 108 व्होल्ट! पत्र्याला टेस्टर लावला तर तो मंद पेटतो. अशा एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याकडे छोटे कपॅसिटर (थोडी वीज साठवणारे भाग) असतात. अर्थच जोडलेला नसेल तर पत्रा 230 व्होल्टच्या साधारण निम्म्यावर तरंगत राहतो आणि आउटपुटही त्याच्यासोबत तरंगते. करंट अगदी थोडा, मिलिअँपिअरच्या आतला, म्हणून माणसाला नुसत्या मुंग्या येतात. चिपला तेवढे पुरते. माझ्या लॅपटॉपचा चार्जर तीन पिनांचा, म्हणजे लॅपटॉपची ग्राउंड, त्याची मायनसची बाजू, अर्थला बांधलेली. दोन्ही ग्राउंड यूएसबीच्या तोंडाशी भेटल्या आणि कपॅसिटरमधला साठा तुमच्या चिपमधून मोकळा झाला. पुढे मी तीन तारांची वायर लावून अर्थ जोडला, तेव्हा तोच 108 चा आकडा जवळजवळ शून्यावर आला. दोन्ही वेळच्या मीटरचे फोटो सोबत जोडले आहेत. ते तुमच्या इंजिनिअरनेच बघावेत, नुसत्या तक्रार क्रमांकाला चिकटवून ठेवू नयेत.

त्याच फोनवर मिळालेल्या दुसऱ्या सल्ल्याचा मला जास्त राग आहे. ‘एसएमपीएस सोडा, गाडीची बॅटरी डायरेक्ट लावा.’ बॅटरीला अर्थची भानगड नाही हे खरे. पण 12 व्होल्टची बॅटरी शॉर्ट झाली की शेकडो अँपिअर ओतते. वायर पेटायला क्षणभर पुरतो. फ्यूजचे नावही त्या सल्ल्यात नव्हते आणि कार्डासोबत आलेल्या सप्लायच्या दोन्ही तारा काळ्या, प्लस-मायनस ओळखायचे कसे! उलट्या लागल्या तर कार्डावर संरक्षण आहे की नाही, हे मॅन्युअल सांगत नाही. माझ्याकडे आयटीआयची मुले शिकायला येतात. त्यांच्या हातात मी हे देणार नाही.

टेबलावर कार्ड तपासण्याची रीत काही गुपित नाही. करंट लिमिट असलेला बेंच सप्लाय (व्होल्टेज आणि करंट हवे तेवढे ठरवता येतो असा टेबलावरचा सप्लाय) घ्यायचा, आउटपुट बंद ठेवून 12 व्होल्ट लावायचे, लिमिट एक अँपिअरच्या आसपास ठेवायची आणि मोटारी सोडवून ठेवायच्या. कुठे शॉर्ट असेल तर सप्लायच व्होल्टेज खाली आणतो. मोटारी जोडायची वेळ आली की बॅटरी, तिच्या प्लस टर्मिनलला लागूनच फ्यूज, आणि चाके टेबलापासून उचललेली. बेंच सप्लायवर फिरती मोटार झटकन थांबवली तर ती जनरेटर होऊन करंट उलटा ढकलते. बहुतेक सप्लायना तो गिळता येत नाही, व्होल्टेज वर चढते आणि त्यात कार्ड जाऊ शकते. तुमच्या गुळगुळीत रंगीत मॅन्युअलमध्ये यातले काय आहे? ‘12 व्होल्ट डीसी जोडा.’ बस. आणि खोक्यावर चित्र, अख्खा रोबो त्याच 5 अँपिअरवर टेबलावर पळतोय! त्यातल्या मोटारी सुरू होतानाच त्याच्या कितीतरी पट मागतात.

तेव्हा मला कार्ड बदलून हवे आहे आणि अर्थ जोडलेल्या तीन पिनांच्या वायरीसह सप्लायही. त्या सप्लायवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक मला कुठेही सापडला नाही, त्याचाही लेखी खुलासा करावा. ज्यांना ज्यांना हा दोन पिनांचा सप्लाय गेला आहे, त्या ग्राहकांना तुम्ही स्वतःहून कळवावे, ही विनंती नाही, अपेक्षा आहे.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत उत्तर न आल्यास मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ‘खरेदी व्यावसायिक होती’ असे सांगून हात झटकू नका. स्वतः काम करून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये व्यावसायिक खरेदी धरलेली नाही.

कार्ड आणि सप्लाय दोन्ही मी बांधून ठेवले आहेत. कुरिअरचा माणूस तुमच्या खर्चाने पाठवावा. जानेवारीत द्राक्षाची तोडणी सुरू होते, पॅकहाउसवाला त्यापुढे थांबणार नाही.

आपला,
बिलावरील ग्राहक
अंबड, नाशिक

सोबत: बिलाची प्रत, मीटरचे फोटो, तुमचा मेल