लाल गाड्यांचा खरा आजार

संपादक महोदय,

रविवार पुरवणीत लॉस एंजेलिसच्या ‘लाल गाड्यां’वरचा लेख वाचला. विषय फार चांगला निवडला आहे. मात्र ‘जनरल मोटर्सने कट करून या वीजगाड्या संपवल्या’ हे त्यातले विधान तसेच सोडून देण्यासारखे नाही.

मोटार व टायर कंपन्यांचा पैसा असलेल्या ‘नॅशनल सिटी लाइन्स’ने १९४५ मध्ये ताबा घेतला तो ‘लॉस एंजेलिस रेल्वे’चा, म्हणजे शहरातल्या पिवळ्या ट्रामचा. गावोगाव धावणाऱ्या लाल गाड्या ‘पॅसिफिक इलेक्ट्रिक’च्या, आणि ती १९११ पासून सदर्न पॅसिफिक रेल्वेच्या हाती होती. १९४९ मध्ये जनरल मोटर्स दोषी ठरली हे खरे, पण बसगाड्या आणि इतर माल विकण्यात मक्तेदारी केल्याबद्दल. दंड किती, तर ५ हजार डॉलर!

आजार जन्मापासूनचा होता. उद्योगपती हेन्री हंटिंग्टन यांनी १९०१ मध्ये ‘पॅसिफिक इलेक्ट्रिक’ कंपनी काढली, तेव्हा त्यांची नजर तिकिटापेक्षा जमिनीवर होती. आधी माळरान घ्यायचे, मग तिथवर रूळ न्यायचे आणि भाव चढला की प्लॉट पाडून विकायचे. (‘नियोजित मेट्रो स्टेशनपासून पाच मिनिटांवर’ या जाहिराती रोज वाचणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.) प्लॉट विकून झाले, आणि गाड्या चालवायला उरले फक्त भाड्याचे उत्पन्न. ते वाढवायचे तर सरकारी आयोगाची मंजुरी हवी.

दक्षिणेकडच्या लाँग बीच या शहराचा मार्ग १९०२ मध्ये सुरू झाला. त्यावर पुढे वाटेतल्या वॉट्स या वस्तीपर्यंत चार लोहमार्ग झाले, जलद आणि धीम्या गाड्यांना वेगवेगळे. बाहेर सुसाट येणारी गाडी शहरात शिरली की मात्र रस्त्यावरच्या मोटारींत अडकायची. मग प्रवाशानेही मोटारच घेतली, त्याला दोष कसा द्यायचा?

लेखासोबत टर्मिनल आयलंडवर एकावर एक रचलेल्या भंगार डब्यांचे छायाचित्र आहे. ते १९५६ चे. त्याआधीच, १९५३ मध्ये, रेल्वेने प्रवासी सेवा विकून टाकली होती. लाँग बीचची शेवटची गाडी ९ एप्रिल १९६१ ला धावली. मालगाड्यांसाठी रूळ मात्र राहिले. म्हणूनच १९९० मध्ये लाँग बीचची नवी वीजगाडी बऱ्याच अंतरात त्याच जुन्या पट्टीवरून नेता आली. लेखात याचा उल्लेखही नाही.

– एक वाचक, डोंबिवली