नादारीच्या अर्जानं गहाण घर वाचत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गृहकर्जाचे हप्ते थकलेल्यांनी सरळ दिवाळखोरीचा अर्ज करावा, असं सांगणारा लेख कालच्या पुरवणीत वाचला. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहिते आहे.

लेखात सांगितलेलं अमेरिकेत चालतं. तिथे ‘चॅप्टर १३’खाली अर्ज केला की घराचा लिलाव थांबतो आणि थकबाकी तीन ते पाच वर्षांत फेडता येते. आपल्याकडे २०१६च्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी वेगळा भाग आहे खरा, पण तो आजवर फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू झाला आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या साध्या पगारदारासाठी अजून १९२०चा प्रांतिक नादारी (म्हणजे दिवाळखोरीचा) कायदाच आहे. त्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. पण घर ज्याच्याकडे गहाण आहे, त्याचा घरावरचा हक्क त्या अर्जानं तसूभर हलत नाही. जामीनदारही सुटत नाही. लेखाच्या पहिल्या ओळीत हवी होती ती ही गोष्ट, आणि ती अख्ख्या लेखात कुठेच नाही!

माझ्या धाकट्या भावानं हेच भोगलं. धुळ्याला त्याचं छोटं रो-हाऊस, कर्ज एका गृहवित्त कंपनीचं. वहिनीचं ऑपरेशन झालं, त्यात कारखान्यातली पाळी कमी झाली आणि हप्ते मागे पडले. तेव्हा एक ‘कर्जमुक्ती सल्लागार’ भेटला. आगाऊ फी घेऊन त्यानं सांगितलं, ‘हप्ते बंद करा, नोटिशीला उत्तर देऊ नका, आपण नादारी दाखल करू, मग घराला कोणी हात लावणार नाही.’ भाऊ बिचारा पापभीरू. कोर्टाचं नाव ऐकून गप्प बसला आणि विश्वास ठेवून राहिला.

कोर्टात न जाता गहाण घराचा ताबा घेण्याची मुभा धनकोला, म्हणजे कर्ज देणाऱ्याला, देणाऱ्या सरफेसी कायद्याची साठ दिवसांची नोटीस आली, ती सल्लागार म्हणाला म्हणून फायलीत लावून ठेवली. त्या साठ दिवसांत लेखी हरकत घेता येते आणि धनकोला पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावंच लागतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियमही पुढे कळला. तोवर रात्री जेवायला बसलं की फोन वाजायचा आणि भाऊ ताटावरून उठायचा.

ताब्याची नोटीस दाराला चिकटवायला माणसं आली, तेव्हा वहिनी गच्चीवर बिबडे वाळत घालत होती. पिठाच्या हातानं ती खाली आली. त्यांनी खळ लावून कागद चिकटवला, त्याचा फोटो काढला आणि गेले. समोरच्या ओट्यावरच्या बाया बघत होत्या. वहिनीनं कागद फाडला नाही, फाडायचा नसतो हे तिला ठाऊक होतं; पण त्या दिवसापासून ती मागच्या दारानं ये-जा करू लागली. मग तीच नोटीस नाव-पत्त्यासह वर्तमानपत्रात आली. कायद्यानं ती छापावी लागते, त्याबद्दल तुम्हाला दोष देत नाही.

घर वाचलं ते आईच्या पाटल्या मोडून. थकलेले हप्ते आणि खर्च भरल्यावर कंपनीनं कारवाई थांबवली. नादारीचा अर्ज तर त्या सल्लागारानं कधी दाखलच केला नव्हता. सुरुवातीलाच भाऊ शाखेत जाऊन, वहिनीच्या दवाखान्याची कागदपत्रं जोडून, हप्ता कमी करून मुदत वाढवून मागता, तर कदाचित हो म्हणाले असते, कदाचित नाही. पण मागायला हवं होतं, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला हवी होती. तीन महिने उलटून खातं एनपीएत, म्हणजे थकीत-बुडीत कर्जांत, गेलं की समोरच्याची भाषा बदलते. तुमच्या लेखात हे असतं, तर कापसाचा पैसा अडकलेल्या, पगार लांबलेल्या कितीतरी घरांना त्याचा उपयोग झाला असता.

नादारी कुणी मागूच नये, असं मी म्हणत नाही. ज्याच्याकडे काही उरलंच नाही आणि हातउसन्याचे, सावकाराचे तगादे मागे लागलेत, त्यानं चांगल्या वकिलाला विचारून जरूर मागावी. त्यात लाज कसली? पण घर वाचेल म्हणून मागू नये.

आणखी एक. त्याच लेखाखाली ‘कर्जातून कायमची सुटका’ अशी छोटी जाहिरात होती, नुसता मोबाइल नंबर, नाव नाही, पत्ता नाही. माझ्या भावाला तो सल्लागार अशाच जाहिरातीतून सापडला होता. कृपा करून असल्या जाहिराती घेणं बंद करा, आणि कालच्या लेखाची दुरुस्ती त्याच पुरवणीत, तेवढ्याच ठळक जागी छापा.

आपली नियमित वाचक,
अमळनेर