‘ड्रीमवीव्हर’ आधी ऐका, मग त्याला निरोप म्हणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतील कलावंतांच्या अखेरच्या कलाकृतींवरचा लेख वाचला. त्यात अमेरिकन जॅझ कीबोर्डवादक जॉर्ज ड्यूक यांचे नाव पाहून मनापासून आनंद झाला. मराठी वर्तमानपत्रात ते सहसा दिसत नाही. पण त्यांच्या ‘ड्रीमवीव्हर’ या शेवटच्या स्टुडिओ अल्बमला लेखकाने मृत्यूच्या सावलीत लिहिलेले निरोपाचे पत्र ठरवले आहे. मी तीस वर्षे वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवला आहे आणि हा अल्बम किती वेळा ऐकला याची मोजदाद नाही. मला हे म्हणणे मुळीच पटले नाही.

नुसत्या तारखा पाहिल्या तर तसे वाटते, हे मान्य. जुलै 2012 मध्ये ड्यूक यांच्या पत्नी कोरीन कर्करोगाने गेल्या. 16 जुलै 2013 रोजी अल्बम आला आणि 5 ऑगस्टला, म्हणजे तीन आठवड्यांच्या आतच, रक्ताच्या कर्करोगाने ड्यूक स्वतः गेले. वय 67. एवढे वाचून अल्बम लावला, तर प्रत्येक सूर रडकाच ऐकू येणार.

पण त्यात आहे काय ते पाहा. पत्नीच्या आठवणीतले ‘मिसिंग यू’ आहे आणि ते ऐकताना गळा दाटून येतो, यात वाद नाही. बाकी अल्बमचा मोठा भाग फंकचा आहे, पाय ठेका धरतील असा. त्यातलेच ‘बॉल अँड चेन’ गायलेल्या गायिका टीना मारी 2010 च्या डिसेंबरातच वारल्या होत्या. म्हणजे त्यांचा आवाज कोरीन यांच्या जाण्याच्या कितीतरी आधी ध्वनिमुद्रित झालेला. सगळा अल्बम एकाच दुःखातून उमटला, हे लेखकाचे विधान इथेच कोसळते.

आणि ‘बर्न्ट सॉसेज जॅम’! सुमारे पंधरा मिनिटांची ही रचना लेखात नाहीच. बासवर ख्रिश्चन मॅकब्राइड, गिटारवर जेफ ली जॉन्सन, ड्रम्सवर जॉन रॉबर्ट्स आणि कीबोर्डवर ड्यूक, असे चौघे जण एकमेकांचे ऐकत, एकमेकांना जागा देत वाजवत जातात. कुणाला कसली घाई नाही. बैठकीत तबलजीने एखादी जागा घेतली की पेटीवाला मान वर करून बघतो ना, तो क्षण इथे पुन्हा पुन्हा येतो. हे गिटारवादक जॉन्सनही अल्बम येण्याआधी, जानेवारी 2013 मध्ये गेले. पण या पंधरा मिनिटांत मरणाचा मागमूसही नाही.

ड्यूक यांच्या हाताबद्दलही लेखात एखादे वाक्य हवे होते. सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्ली, गिटारवादक फ्रँक झप्पा, बासवादक स्टॅन्ली क्लार्क अशांबरोबर त्यांनी वाजवले. झप्पांच्या बँडमध्ये असताना त्यांच्याच आग्रहामुळे ते सिंथेसायझरकडे वळले. आपल्याकडे पेटीवर पहिला आक्षेप असतो तो मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे, निघत नाही हा. आकाशवाणीने 1940 पासून तीसेक वर्षे तिला दूर ठेवले, त्यामागेही हेच कारण सांगितले जाई. ड्यूक उजव्या हाताने सूर धरत आणि डावा हात पिच व्हीलवर, म्हणजे सूर वर-खाली सरकवणाऱ्या चाकावर, ठेवून तो असा वाकवत की गिटारची तार ओढल्यासारखे वाटावे, कधी माणूस गातो आहे असे वाटावे. मी ते चाक वर्षानुवर्षे फक्त सिनेगीतांतल्या एखाद्या चमकदार तुकड्यापुरते फिरवत असे. त्यात मींड आहे, हे मला ड्यूक यांच्यामुळे कळले.

आता थोडे स्वतःविषयी लिहितो. चार वर्षांपूर्वी माझी पत्नी गेली. पाच-सहा महिने मी कीबोर्डवरची खोळ काढली नाही. ड्यूक यांनी सांगितले होते की कोरीन गेल्यावर त्यांना काही सुचेनासे झाले होते. पुढे ते जॅझ संगीताच्या एका जहाज-सफरीवर गेले, तिथे लोकांत मिसळले, इतरांचे वादन ऐकले आणि एका सकाळी गाणी आपोआप सुचू लागली. मला हे अगदी ओळखीचे वाटते. मला गल्लीतल्या पोरांनी गणपतीत ओढून नेले आणि मी पहिले वाजवले ते नाचाचे गाणे. काहींना ते आवडले नाही. हा आता दर्दभरेच वाजवणार, असे त्यांनी धरून ठेवले होते. लेखकानेही ड्यूक यांच्याबाबतीत तेच केले आहे असे मला वाटते, म्हणून हे पत्र.

अल्बमच्या शेवटी असलेले ‘हॅपी ट्रेल्स’ हा लेखकाचा भक्कम पुरावा. ते निरोपाचेच गाणे आहे, हे खरे. डेल इव्हान्स यांनी लिहिलेले हे गाणे रॉय रॉजर्स यांच्या काउबॉय मालिकेच्या शेवटी लागत असे. पण ती मालिका 1950 च्या दशकातली आणि ड्यूक 1946 चे. अमेरिकेतल्या त्या पिढीसाठी ते लहानपणीचे गाणे. मला त्यात मरणाची चाहूल लागत नाही, शाळकरी वयातली एक संध्याकाळ ऐकू येते.

ड्यूक गेल्यावर त्यांचे जुने मित्र, गायक अल जॅरो यांनी 2014 मध्ये त्यांच्या रचनांचा ‘माय ओल्ड फ्रेंड’ हा अल्बम काढला. साठच्या दशकात हे दोघे सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका छोट्या क्लबात एकत्र कार्यक्रम करत. तो जॅरो यांचाही शेवटचा स्टुडिओ अल्बम ठरला. पण ते 2017 पर्यंत जगले, म्हणून त्याला त्यांचे निरोपपत्र म्हणायचे कुणाच्या मनात येत नाही.

लेखकांना एवढीच विनंती की सगळा अल्बम कोरीन यांच्या जाण्यानंतरच्या दुःखातून उमटला, ही टीना मारी यांच्या गाण्याने खोटी ठरणारी चूक पुढच्या अंकात दुरुस्त करावी. आणि ज्या वाचकांना लेख वाचून ‘ड्रीमवीव्हर’ ऐकावासा वाटला असेल, त्यांनी सुरुवात ‘बर्न्ट सॉसेज जॅम’पासून करावी, शक्यतो हेडफोन लावून. तिथे बास फार खाली आहे, मोबाइलच्या स्पीकरवर तो ऐकूच येत नाही.

आपला,
एक निवृत्त कीबोर्डवादक, मिरज