ईशूला पाठव, पण आधी हे वाच

प्रिय सुमे,

तुझा मेसेज चार दिवस तसाच पडलाय, फोनवर हे सगळं बोलणं जमलं नसतं म्हणून लिहितेच. ईशूला फॅमिली लॉ करायचाय, सुट्टीत माझ्याकडे शिवाजीनगरला पाठवू का विचारतेस. पाठव की.

पण तिला एक आधीच सांगून ठेव, फॅमिली कोर्टात वकील असणं हा पक्षकाराचा हक्कच नाहीये! 1984 च्या कायद्यातलं कलम 13. म्हणून आम्ही वकीलपत्रासोबत परवानगीचाही अर्ज टाकतो. मिळते गं बहुतेक वेळा, पण कायदा करणाऱ्यांना मुळात नवरा-बायको आणि जज यांच्या मधे आम्ही नकोच होतो. नवीन असताना फार राग यायचा मला याचा. आता नाही येत, कारण ऐक.

मागच्या वर्षीची केस, नावं विचारू नकोस. म्युच्युअल, म्हणजे दोघांच्या संमतीनं घटस्फोट. मुलीचा ताबा, एकरकमी पोटगी, फ्लॅट, सगळं ठरलेलं, दीड वर्षाच्या वर वेगळे राहत होते म्हणून सहा महिने थांबायची अट माफ करा असा अर्जपण तयार, 2017 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर तशी माफी मिळू शकते. कन्सेंट टर्म्सवर, म्हणजे ठरलेल्या अटींच्या कागदावर, सह्या व्हायच्या दिवशी कॉरिडॉरमधे ती म्हणते, माझ्या आजीचं घंघाळ यादीत नाहीये. तो म्हणाला ते आईनं मोडीत दिलं. झालं! ती सरळ घरी निघून गेली. आणि खरं सांगू, चूक माझी होती, यादी टाइप करताना मीच म्हटलेलं, भांडी जाऊ देत ना, आणि तिनं नुसती मान हलवली होती, मी ती होकाराची समजले.

दोन महिने सगळं अडकलं. मग कळलं की तो तांबट आळीत दोन-तीन दुकानांत विचारून आला होता. मिळालं नाहीच. पण तो गेला होता हे काउन्सेलर मॅडमनी सांगितलं आणि हिनं सही केली, वर मला म्हणाली फी पुढच्या महिन्यात देते.

बाकी ईशू आकड्यांत हुशार आहे ना, मग तिला मजा येईल. 2020 पासून पोटगीच्या केसमधे दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं एफिडेव्हिट द्यावं लागतं, पगार पंधरा हजार लिहिणाऱ्याच्या बँक स्टेटमेंटमधे गाडीचाच हप्ता अठरा हजाराचा निघतो, ते शोधत बसायचं. कलमांचे नंबर मात्र नवेच पाठ कर म्हणावं, पोटगीचं 125 आता 144 झालंय, माझ्या तोंडात अजून एकशेपंचवीसच येतं. पैशाचं म्हणशील तर पहिली चार-पाच वर्षं काही खरं नाही, बाबांनी स्कूटरचं पेट्रोल भरलं म्हणून मी टिकले. आणि लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसायला लोक अजून बिचकतात.

मंगळवारी माझं बोर्ड मोठं असतं, म्हणजे त्या दिवशी केसेस खूप, बुधवारी पाठव. पहिले दोन दिवस तिला फाइल देणार नाही, बाहेरच्या बाकावर बसवणार आहे लोकांमधे.

तुझी,
नीता

ता.क. डबा दे सोबत, दोघींचा. वडापाव मला आता सोसत नाही.