अण्णांच्या भजनाची टेप

शहापूर, बेळगाव
दसऱ्यानंतरचा रविवार

प्रिय गड्या,

डिसेंबरात अण्णांच्या स्मृतीची बैठक घ्यायची, तीही आपल्या गल्लीतल्या विठ्ठलाच्या देवळातच, हे वाचून फार बरं वाटलं. पुण्याहून तीन कॅमेरे, क्रेन आणि ड्रोन आणतो म्हणालास आणि शेवटी 'तुला काय वाटतं ते सांग' असं लिहिलंस. फोनवर उरकण्यासारखं ते नाही, म्हणून वही घेऊन बसलो. शिवाय एक गोष्ट तुला चार महिने सांगितलेली नाही. काम पुरं झाल्यावरच सांगायची असं ठरवलं होतं, ते परवा रात्री पुरं झालं.

१९९४च्या आषाढीची टेप सापडली रे.

देवळातलं जुनं कपाट रंगवायला बाहेर काढलं, तेव्हा पखवाजाच्या खोळीमागे मिळाली. व्हीएचएस, म्हणजे जुनी व्हिडिओ टेप, वर अण्णांच्या अक्षरात 'आषाढी' एवढंच. आपल्याकडचे पावसाळे तुला माहीतच आहेत. रिळावर पांढरी बुरशी धरली होती. तशीच व्हीसीआरमध्ये घातली असती तर हेडही गेलं असतं आणि टेपही. खडे बाजाराकडे एक म्हातारे दुरुस्तीवाले आहेत, त्यांनी टेपेची डबी उघडून, हातानं एकेक फेरा फिरवत, स्पिरिटच्या बोळ्यानं सगळी टेप दोनदा पुसली. तीन दिवस लागले. पैसे विचारले तर कानडीत म्हणाले, आधी चित्र दिसू दे.

चित्र दिसलं. पण पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी अर्ध्यात बंद केलं. तो शूटिंगवाला लग्नाच्या कामाला सरावलेला होता, नाव लिहीत नाही. हॅलोजनचा दिवा धरलेला एक पोरगा त्याच्यापुढे. अण्णा डोळे मिटून आलाप घेताहेत आणि तो प्रकाश थेट तोंडावर. पहिला अभंग रंगात आला, तबल्यावर लग्गी सुरू झाली, टाळ चढले, आणि नेमका तिथं कॅमेरा वळून दाराकडे गेला, कारण प्रमुख पाहुणे आले होते. हारतुरे, नमस्कार, पहिल्या रांगेतली खुर्ची. परत येईपर्यंत अभंग संपलेला. पेटीवाल्या मास्तरांची बोटं तर अख्ख्या टेपेत एकदाही नाहीत. त्या माणसाचा राग माझ्या मनात इतकी वर्षं होता, कारण त्या रात्री तो कुठं कुठं वळतोय हे मी मिक्सरशेजारून बघत होतो.

मिक्सरवर मी होतो, आठवतं ना? मंडपवाल्याच्या मिक्सरमधून वायर काढून माझा टेपरेकॉर्डर जोडला होता. नव्वद मिनिटांची ती कॅसेट माझ्याकडे आजही आहे. तिच्यात चित्र नाही, पण आवाज लख्ख आहे, कारण तो माइकमधून सरळ आलाय. व्हीएचएसवरचा आवाज म्हणजे नुसती खरखर. त्याला कारण आहे. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते, व्हीएचएसची जेमतेम २.३४. त्यात आवाजाची जागा फितीच्या कडेला, चिंचोळी. म्हणून त्या काळच्या सगळ्या लग्नांच्या टेपांत सनई भिंतीपलीकडून आल्यासारखी वाटते.

तेव्हा चित्र त्याचं आणि आवाज माझा, हे दोन्ही एकत्र आणायचं मी ठरवलं.

धीर आला तो एका चित्रपटामुळे. अमेरिकेत गायिका अरेथा फ्रँकलिन जानेवारी १९७२मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये दोन रात्री गायल्या. सिडनी पोलॅकसारखा दिग्दर्शक, सोळा मिलिमीटरचे कितीतरी कॅमेरे. पण घाईगर्दीत कुणी क्लॅप, म्हणजे चित्र आणि आवाज जुळवायला सुरुवातीला पाटी आपटून करायची खूण, दिलाच नाही. सोळा मिलिमीटरचं चारशे फुटी रीळ अकरा मिनिटांत संपतं. मग दुसरं चढवायचं, तेवढ्यात गाणं पुढं गेलेलं असतं. असली कित्येक रिळं, आणि कुठल्या रिळाचा आवाज कुठला, याची खूण कुठंच नाही. ध्वनिमुद्रण त्याच वर्षी तबकडीवर निघालं आणि खूप गाजलं. चित्र मात्र डब्यात. पुढं संगणकाच्या मदतीनं ओठ आणि सूर जुळवले गेले, आणि 'अमेझिंग ग्रेस' लोकांसमोर आला तो २०१८ साली. त्याच वर्षी त्या वारल्या. हयातीत त्यांनी तो दाखवू दिला नव्हता, कोर्टात गेल्या होत्या. हे मुद्दाम लिहितोय, कारण डिसेंबरात जे गायला-वाजवायला येतील त्यांची संमती तू आधी आणि लेखी घे. साथीदारांचीसुद्धा. आपल्या घरचं कार्य आहे म्हणून गृहीत धरू नकोस.

तर, क्लॅप आपल्याकडेही नव्हता. पण टाळ होते. टाळाची दोन पात्रं एकमेकांना लागतात तो क्षण चित्रात स्वच्छ दिसतो आणि संगणकावर आवाजाच्या आलेखात सुळक्यासारखा वर येतो. पहिला टाळ मी अर्ध्या तासात जुळवला. वाटलं, झालंच काम. दहा मिनिटं पुढं गेलो तर कॅसेट तीन सेकंद पुढं निघून गेलेली, अण्णांचे ओठ अजून मागच्या ओळीवर. माझ्या टेपरेकॉर्डरची मोटर वेगळी, त्याच्या कॅमेऱ्याची वेगळी. आता खरी गती कुणाची धरायची? गती बदलली की स्वरही बदलतो. इथं पेटी कामाला आली. अण्णांच्या साथीची तीच पेटी देवळात अजून आहे, आणि पेटीचे सूर सहसा लवकर हलत नाहीत. देवळात बसून, काळी एक, म्हणजे पहिली काळी पट्टी, दाबून धरून, कॅसेटमधला षड्ज तिच्याशी मिळेपर्यंत गती कमी करत गेलो. मिळाला तेव्हा चित्राशीही जवळजवळ मिळाला. उरलेलं आवर्तन-आवर्तन करून बसवलं. करंट गेला की उठायचं, आला की परत बसायचं. कॅसेटची बाजू उलटताना जे पाऊण मिनिट गेलं, तिथं त्या टेपेचाच खरखरीत आवाज ठेवलाय. पत्र्यावरचा पाऊस तेवढ्यातच ऐकू येतो.

आता तुझ्या तीन कॅमेऱ्यांकडे वळतो. ड्रोन आणू नकोस. त्याच्या पंख्याच्या घरघरीत तानपुरा बुडेल. क्रेनही नको, समोर लोखंडाचा हात खालीवर होत असताना कुणाची समाधी लागेल? तीन कॅमेरे मात्र हवेत. एक समोर, सगळं व्यासपीठ दिसेल असा, स्टँडवर घट्ट, आणि सुरू केला की शेवटपर्यंत कुणी हात लावायचा नाही. बाकी काहीही चुकलं तरी हा एक गाणं वाचवतो. दुसरा पेटी आणि तबल्यावर. आपल्या गावात रामभाऊ विजापुरे मास्तरांनी आयुष्यभर पेटी शिकवली, मोठमोठ्या गवयांना साथ केली. अशा गावात तरी साथीदाराची बोटं चित्राबाहेर राहायला नकोत. सगळ्यांना सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवायला सांग, म्हणजे आपल्या पन्नास हर्ट्झच्या विजेवर दिवे लुकलुकणार नाहीत. मोबाइलवर विसंबू नकोस, त्याचा फ्रेमचा वेग मध्येच कमीजास्त होतो आणि मग मी चार महिने जे केलं ते तुला करावं लागेल.

आवाज मिक्सरमधून वेगळा घे, शिवाय दोन माइक सभामंडपात लोकांकडे तोंड करून. नुसता मिक्सरचा आवाज कोरडा लागतो, दाद ऐकूच येत नाही. एक बारीक गोष्ट मला या कामात कळली. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे पन्नास फूट लांब दाराशी ठेवलेल्या कॅमेऱ्यापर्यंत तो एक फ्रेम उशिरा पोचतो. गाण्यात हे कळणार नाही, तबल्याच्या बोटांत मला कळलं. तेव्हा सुरुवातीला व्यासपीठावर उभं राहून कुणीतरी मोठ्यानं एक टाळी वाजवायची, सगळे कॅमेरे चालू असताना. एवढंच.

आणि स्वर लावणं कापू नकोस. १९७१च्या बांगलादेशासाठीच्या न्यूयॉर्कमधल्या कार्यक्रमात रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ वाद्यं जुळवून थांबले, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. रविशंकरांनी शांतपणे सांगितलं की जुळवणं एवढं आवडलं असेल तर वादन याहून आवडेल. लोकांना ती गंमत वाटते. मला त्या प्रसंगात दिसतं ते असं की तो भाग त्या कार्यक्रमाच्या चित्रपटात ठेवला गेला, म्हणून त्या तिघांच्या जुळणाऱ्या नजरा आज आपल्याला बघायला मिळतात. आपल्या टेपेतही पहिली चार मिनिटं तेवढीच आहेत. अण्णा खुंटी पिळताहेत, जवारीचा दोरा सारताहेत, आणि हातोडी द्यायला तू पुढं येतोस. बारीक मिशी फुटलेली. ती चार मिनिटं मी किती वेळा बघितली असतील!

आपला हा मुलूख गाणाऱ्यांचा. कुमार गंधर्व इथल्याच सुळेभावीचे, १९२४चा जन्म. सवाई गंधर्व कुंदगोळचे, १९५२ साली गेले. सवाईंचं गाणं मी ऐकलं ते तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांत. ते गाताना मान कशी हलायची, तंबोऱ्याकडे कसे बघायचे, हे मला कधीच दिसलं नाही. त्यांच्या मैफली रात्र-रात्र चालायच्या आणि माझ्या हाती तीन मिनिटं. अण्णा काही तेवढे मोठे गवई नव्हते, हे त्यांनीच मला सांगितलं असतं. पण आपल्या गल्लीला जे मिळालं ते त्यांच्याकडून, आणि ते जपायचं आपल्यालाच.

आता तिसरा कॅमेरा. माझं मत असं होतं की लोकांवर कॅमेरा फिरवूच नये. 'स्टॉप मेकिंग सेन्स' नावाचा १९८४चा चित्रपट आहे, जोनाथन डेमी यांचा. त्यात गायक मोकळ्या रंगमंचावर एकटाच येतो, मग एकेका गाण्याला एकेक वादक वाढत जातो, आणि प्रेक्षक जवळजवळ शेवटपर्यंत दिसत नाहीत. मला वाटायचं, हेच बरोबर. गाणाऱ्यावरून नजर काढायची नाही. उलट पेनबेकर यांच्या 'मॉन्टेरे पॉप'मध्ये, तो १९६८चा, रविशंकरांचं वादन सुरू होतं तेव्हा बराच वेळ वादक दिसतच नाहीत. दिसतात ते ऐकणारे. कुणी डोळे मिटलेलं, कुणी गवतावर पडलेलं, गिटारवाला जिमी हेंड्रिक्ससुद्धा ऐकतोय. पहिल्यांदा बघताना मला राग आला होता. आता येत नाही, आणि त्याचं कारण अण्णांच्या टेपेत आहे.

बत्तिसाव्या मिनिटाला अण्णा कानडी संतकवी पुरंदरदासांचं पद घेतात. आपल्याकडे अभंगानंतर कानडी पद नसेल तर आषाढी पुरी होत नाही. शूटिंगवाला नेहमीप्रमाणे कंटाळून बायकांच्या बाजूला वळतो. अकरा सेकंद. चौथ्या रांगेत खांबाला टेकून काकू बसल्यात. पदर खांद्यावर ओढलेला, बोटांनी गुडघ्यावर ठेका. ओठ हलताहेत. आवाज जुळला नव्हता तोवर मी समजत होतो की त्या बरोबरीनं म्हणताहेत. सगळेच म्हणत होते. परवा रात्री तो तुकडा जुळवला आणि पाचसहा वेळा मागंपुढं केला. बरोबरीनं नाही रे. त्या अण्णांच्या आधी म्हणताहेत. प्रत्येक ओळीचा पहिला शब्द, अर्धी मात्रा आधी. कॅमेरा परत व्यासपीठाकडे येतो तेव्हा अण्णा त्याच खांबाकडे बघताहेत, आणि पुढच्या प्रत्येक चरणाआधी बघतात. मी समजायचो, हॅलोजनपासून तोंड चुकवताहेत.

काकूंचं माहेर बैलहोंगलकडचं, घरात त्या कानडीच बोलायच्या, हे ठाऊक होतं. पण अण्णांना ती पदं येत नव्हती, काकू खांबाजवळून सांगत होत्या, हे मला आजवर माहीत नव्हतं. तुला होतं का?

म्हणून तिसरा कॅमेरा भाड्याच्या माणसाच्या हातात देऊ नकोस. ताईला दे. बायकांच्या बाजूला कोण कुठं बसतं, कुणाला काय पाठ आहे, हे तिला कळतं. हात थरथरला तरी चालेल.

पेनड्राइव्ह पुढच्या रविवारी आमच्या भाच्याबरोबर पाठवतोय, सोबत खायला कुंदा आहे. ती अकरा सेकंद वेगळी काढून दिलेली नाहीत. पहिल्यापासून बघ, स्वर लावण्यापासून, आणि ताईला शेजारी बसवून. बघून झालं की रात्री कितीही वाजले तरी फोन कर, मी जागा आहे.

तुझाच,
शहापूरवाला