एक्सल बसला

कोथरूड, पुणे
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय बाळ्या,

आपण घरी बांधतोय त्या गाडीचा मागचा एक्सल, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा आडवा भाग, एकदाचा बसला! फोनवरच सांगणार होतो, पण तुझी रात्रपाळी, आणि हे सगळं फोनवर सांगून होण्यासारखं नाही. कागदावर ग्रीसचे डाग दिसतील, तेवढे चालवून घे.

तू नाशिकला गेल्यापासून चेसिस पार्किंगमध्ये स्टँडवर तशीच होती. पुढचं सस्पेन्शन आपण दोघांनी बसवलेलं, आणि मागे नुसते चौकोनी पाइप. येता-जाता आई विचारायची, "हिला मागची चाकं कधी?" शेवटी श्रावणात एका रविवारी जुन्या ओम्नीचा एक्सल बाहेर ओढला आणि पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) बैठका ग्राइंडरने कापून काढल्या.

तुला मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक वेगवेगळं हलणारं, हवं होतं, ते विसरलेलो नाही. अखंड एक्सल जड असतो आणि एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्यालाही हिसका बसतो, हे मान्य. पण वळणावर गाडी कलली तरी त्याची दोन्ही चाकं रस्त्यावर सरळ उभी राहतात. शिवाय घरच्या घरी चुका सुधारता येतील असा तोच एक आहे. १९५७ साली ब्रिटनच्या कॉलिन चॅपमनने लोटस सेव्हन ही छोटी, हलकी गाडी काढली, तिलाही मागे अखंड एक्सलच होता. आपल्या साडेपाचशे किलोच्या गाडीला तो शोभेल.

पाटा हा फार कामाचा प्राणी आहे रे, तो काढल्यावर कळलं. वजन तोच पेलतो, एक्सलला मागेपुढे जाऊ देत नाही तोच, आणि डावीउजवीकडे सरकू देत नाही तोही तोच. पाटे गेले की ही कामं वाटून द्यावी लागतात. वजन कॉइल स्प्रिंगला दिलं. मागेपुढे धरायला चार दांड्या, दोन वर आणि दोन खाली, दोन्ही टोकांना रबरी बुश, सगळ्या एका लांबीच्या आणि समांतर, म्हणजे एक्सल वरखाली झाला तरी पिनियनचं (एक्सलच्या मधल्या गिअरचं) नाक वर-खाली डोलत नाही. आडवं धरायला पॅनहार्ड रॉड नावाची एक आडवी दांडी. हा रॉड एका टोकाला चेसिसवर आणि दुसऱ्या टोकाला एक्सलवर, त्यामुळे एक्सल सरळ वर न जाता किंचित कमानीत जातो. म्हणून रॉड जमेल तितका लांब हवा. मी ९०० मिमीचा केला. चाक ५० मिमी उचललं तर एक्सल बाजूला जेमतेम दीड मिमी सरकतो. ४०० चा केला असता तर तीन मिमीच्या वर गेला असता.

स्प्रिंग ज्यांच्यावर बसते ते शॉकॲब्सॉर्बर तू काढलेल्या चित्रापेक्षा उभे केलेत, रागावू नकोस. तीस अंश तिरके बसवले तर स्प्रिंगचा जोर चाकापाशी पाऊणच उरतो. चित्रात छान दिसत होते, पण नको.

वेल्डिंगला शिवणे गावातले काका आले. त्यांनी आधी एक्सल शाफ्ट, सील, तेल, सगळं बाहेर काढायला लावलं. मग ब्रॅकेटला नुसते टाके मारले आणि चहा घेतला. एक्सलची नळी ज्या बाजूला तापते, गार होताना त्याच बाजूला ओढली जाते, म्हणून एक इंच इकडे, मग थांबायचं, मग एक इंच तिकडे. अख्खी दुपार गेली. शेवटी शाफ्ट परत आत सरकवला, तर बोटाच्या जोरावर गेला. काका नुसते मान हलवून हसले. मला मात्र भरून आलं.

आता मुख्य गोष्ट. एक्सल दांड्यांवर लटकवला आणि उत्साहात सगळे बोल्ट पान्याने करकचून आवळले. गाडी चाकांवर उतरवली तर मागचं अंग बोटभर उंचच. मला वाटलं, स्प्रिंग कडक झाली. तीन संध्याकाळी हिशोब करत बसलो. स्प्रिंग मिमीला २.२ किलोची, एका बाजूला स्प्रिंगवर येणारं वजन साधारण १०५ किलो, म्हणजे ४८ मिमी दबायला हवी. आकडे तर बरोबर होते. काकांनी खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "स्प्रिंगला बोल लावू नकोस. बुशचा बोल्ट सैल कर." पाना फिरवला, रबराने "कुंऽऽ" असा आवाज केला आणि गाडीचं मागचं अंग अलगद खाली बसलं.

बोल्ट आवळला की बुशची आतली नळी ब्रॅकेटला पक्की धरली जाते. मग एक्सल हलतो तेव्हा फिरतं ते मधलं रबर, पिळलं जाऊन. मी लटकत्या एक्सलवर आवळल्यामुळे गाडी उभी असतानाही आठही बुश पिळलेले होते. तसंच ठेवलं असतं तर काही महिन्यांत फाटले असते.

सगळं सैल झालंच होतं, म्हणून माप पुन्हा घेतलं. या वेळी ब्रॅकेटपासून नाही, कारण वेल्डिंगने तेच ओढले गेले असतील अशी शंका होती. आजोबांचा पितळी ओळंबा आठवतो? तो काढला, पंखा बंद केला, पुढच्या मध्यरेषेवरून आणि मागच्या दोन्ही ब्रेक-ड्रमवरून एकेक ठिपका खाली शहाबादी फरशीवर खडूने उतरवला. ओळंबा स्थिर होईपर्यंत श्वास धरून बसत होतो. मग टेप लावला. डावीकडे २३३१ मिमी, उजवीकडे २३२५. सहा मिमी, म्हणजे चांगला दोन सूत फरक! सरळ रस्त्यावरही गाडी तिरकी चालली असती. दांड्यांना एका टोकाला आटे करून घ्यायला लेथवाल्याने सुचवलं होतं, ते इथे कामी आलं. दीड मिमीचा आटा, म्हणजे डावीकडे वरखालच्या दोन्ही दांड्या दोन फेरे आत, उजवीकडच्या दोन फेरे बाहेर. परत ओळंबा, परत खडू. दोन्हीकडे २३२८.

रस्त्याची मान्यता आपल्या गाडीला मिळणार नाही, ते आपल्याला पहिल्यापासून माहीत आहे. गाड्या तपासणाऱ्या एआरएआय संस्थेची टेकडी गच्चीवरून रोज दिसते. मामांच्या शेतातली वाट आपल्याला पुरे.

बाळ्या, आठही बोल्ट आत्ता फक्त हाताने लावलेत. ते गाडीत दोन माणसं बसलेली असतानाच आवळायचे. वाळूची पोती ठेवूनही होईल, काका तसंच म्हणाले. पण डावी सीट तुझी आहे. दसऱ्याला सुट्टी काढून ये, शेजारचा मुलगा खाली झोपून पाना फिरवेल, आपण दोघं वर बसू. येताना तुझ्याकडचा टॉर्क रेंच आण. आईने तुझ्यासाठी अळूवड्या करायचं ठरवलंय.

तुझा,
नंदू